खाटेच्या कठड्यावरची बुरशी

इंदूरहून उज्जैनच्या दिशेने निघालं की सांवेर रोड लागतो. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या शेडा, औषधनिर्मितीचे प्रकल्प, माल भरून उभे असलेले ट्रक आणि महाकालाच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या, असा हा सदा गजबजलेला रस्ता. याच वाटेवर श्री अरबिंदो वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. जून २०२१ मध्ये तिथली एक बातमी देशभर गाजली. कोविडमधून उठलेल्या, तिशीतल्या एका रुग्णाला पुन्हा ताप येऊ लागला, नाकातून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांना आधी म्युकरमायकोसिसची, म्हणजे ‘काळ्या बुरशी’ची शंका आली. तपासणीत मात्र अ‍ॅस्परजिलस ही वेगळीच बुरशी निघाली. छातीविकार विभागाचे प्रमुख डॉ. रवी डोसी यांनी ही माहिती दिली, रुग्णाला विमानाने मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात हलवण्यात आलं आणि मथळे झळकले: देशातला पहिला ‘ग्रीन फंगस’ रुग्ण इंदूरमध्ये.

पहिला होता तो फक्त शब्द. अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वैद्यकशास्त्राला जुनीच ओळखीची आहे. १७२९ साली मिकेली नावाच्या इटालियन धर्मगुरूने सूक्ष्मदर्शकातून तिचा आकार पाहिला, त्याला चर्चमधलं तीर्थ शिंपडण्याचं उपकरण आठवलं आणि त्यावरूनच त्याने तिला नाव दिलं. भारतातले छातीरोगतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ तिच्याशी कित्येक दशकं झुंजत आहेत. पण २०२१ च्या त्या उन्हाळ्यात बुरशीला रंगावरून ओळखायची सवय लागली होती. काळी, पांढरी, पिवळी आणि मग हिरवी. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे महिन्यातच सांगितलं होतं, की रंगावरून नावं देणं दिशाभूल करणारं आहे. त्यांचं म्हणणं मथळ्यांच्या गर्दीत हरवलं.

त्यात आणखी एक गोष्ट हरवली. बुरशीचा रंग कोणता, इंजेक्शन कुठे मिळेल, काळ्या बाजारात भाव काय, यावर देश रात्रंदिवस बोलत होता. रुग्ण ज्या खाटेवर झोपला होता तिच्या कठड्यावर, डोक्यावरच्या एसीच्या जाळीत, अंगावरच्या चादरीत काय आहे, याबद्दल मात्र फार कमी बोललं गेलं. आजही बोललं जात नाही. रुग्णालयाची फरशी, गादी, हवा आणि कपडे हाही उपचाराचाच भाग आहे, आणि तो औषधाइतक्याच काटेकोरपणे तपासला गेला पाहिजे.

बुरशी मराठी घराला परकी नाही. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलेवर ती पांढरट लव धरते, ओला चमचा लागलेल्या लोणच्यावर साय धरल्यासारखी पसरते, दोन दिवसांच्या पावावर हिरवे ठिपके उमटवते. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. अ‍ॅस्परजिलसचा बीजाणू जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाईल इतका बारीक. प्रत्येक माणूस रोज असे शेकडो बीजाणू आत घेतो आणि शरीरातल्या पेशी त्यांचा निकाल लावतात. धडधाकट माणसाला कळतसुद्धा नाही.

अतिदक्षता विभागातला माणूस धडधाकट नसतो. कुणाच्या पांढऱ्या पेशी केमोथेरपीने संपलेल्या असतात, कुणाची साखर चारशेवर गेलेली असते, कुणाला आठवडाभर स्टेरॉइड चालू असतं, कुणाच्या गळ्यात नळी आणि मानेच्या शिरेत सुई असते. बाहेरच्या हवेत निरुपद्रवी असलेला बीजाणू या माणसाच्या बाबतीत मारेकरी ठरू शकतो. त्यामुळे ‘बुरशी तर सगळीकडेच असते’ हे वाक्य घरात खरं असलं, तरी रुग्णालयात ती सबब होऊ शकत नाही. सांवेर रोडवरच्या त्या रुग्णाच्या आजाराचा दोष कुठल्या एका इमारतीवर ठेवण्याचा इथे हेतू नाही. देशातल्या प्रत्येक रुग्णालयाने स्वतःला विचारावा असा प्रश्न मात्र त्या बातमीत होता.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने भारतात जे केलं ते जगात कुठेच घडलं नव्हतं. २९ नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशात ५१,७७५ रुग्णांची नोंद झाली आणि त्यात महाराष्ट्र आणि गुजरात सर्वांत पुढे होते. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एमवाय’मध्ये, या रुग्णांसाठी वॉर्डमागून वॉर्ड उघडावे लागले. जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला, जबडा काढावा लागला. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे व्हेनेझुएलातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९५० च्या दशकात मिळवलेलं जुनं औषध अचानक सोन्याच्या भावाने विकलं जाऊ लागलं. मे २०२१ च्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने ते बनवायला घेतलं, तेव्हा सात हजारांच्या आसपासचं इंजेक्शन बाराशे रुपयांत मिळण्याची आशा विदर्भातल्या माणसाला दिसली.

मूळ कारणं डॉक्टरांना लवकर कळली होती: आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर. त्याचबरोबर अफवाही उठल्या. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी खराब आहे, सिलिंडर अस्वच्छ आहेत, वाफ घेतल्याने बुरशी होते. यांतल्या काही अफवांची शहानिशा करण्याचं काम चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉ. मनीषा बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. देशातल्या ११ रुग्णालयांची हवा आणि तिथल्या वस्तू त्यांनी तपासल्या. ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमध्ये म्युकर गटाची बुरशी मिळाली नाही. ती मिळाली एसीच्या झरोक्यांवर, ११.१ टक्के नमुन्यांत. रुग्णांनी वापरलेल्या मास्कवर, १.७ टक्के नमुन्यांत, आणि हवेत. रुग्णालयाच्या आतल्या हवेच्या २१.७ टक्के नमुन्यांत, तर बाहेरच्या हवेच्या ५३.८ टक्के नमुन्यांत.

हे आकडे नीट वाचले तर दोन्ही टोकाची मतं गळून पडतात. रुग्णालयानेच बुरशी पोसली, असं सरसकट म्हणता येत नाही, कारण बाहेरच्या हवेत ती जास्त आहे. आणि रुग्णालयाचा काहीच संबंध नाही, असंही म्हणता येत नाही, कारण दारं-खिडक्या ओलांडून ती आत आली आहे आणि थंड हवा जिथून रुग्णाच्या अंगावर येते त्या जाळीवर बसली आहे. त्या जाळ्या महिनोन्‌महिने कुणी उघडत नाही. घरातला एसी उन्हाळ्याच्या तोंडावर सर्व्हिसिंगला देणारी माणसं अतिदक्षता विभागातल्या एसीबद्दल विचारत नाहीत, आणि विचारलं तर उत्तर देणारं कुणी भेटत नाही.

चादरीचं उदाहरण तर काळीज हलवणारं आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या लहान मुलांच्या रुग्णालयात २००८-०९ मध्ये पाच मुलांना म्युकरमायकोसिस झाला आणि पाचही मुलं गेली. तपास करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की या मुलांना जोडणारा समान धागा म्हणजे रुग्णालयातले कपडे आणि चादरी. त्यांवर तीच बुरशी होती. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या क्वीन मेरी रुग्णालयातही प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांना म्युकर गटातल्याच रायझोपस या बुरशीचा संसर्ग झाला आणि शोध पोचला तो कपडे धुणाऱ्या लाँड्रीपर्यंत. कपडे धुतले जात होते, दिसायला स्वच्छही होते. पण पुरेशी उष्णता आणि नीट वाळवण नसेल, साठवणीची जागा दमट आणि धुळीची असेल, तर धुतलेली चादरही बीजाणू घेऊनच वॉर्डात येते. इंदूर, नागपूर, कोल्हापूर, कुठेही पावसाळ्यात रुग्णालयाच्या गच्चीवर किंवा मागच्या आवारात अर्धवट वाळलेल्या चादरींच्या रांगा पाहिल्या की या दोन शहरांची आठवण व्हायला हवी.

सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने २०१९ मध्ये शस्त्रक्रियागृहं बंद केली, ती अ‍ॅस्परजिलसमुळे. हवा खेळवणाऱ्या यंत्रणेतून बीजाणू थेट शस्त्रक्रियागृहात येत होते. २००१ पासून १४ मुलांना संसर्ग झाला आणि त्यांतली सहा दगावली, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये रुग्णालयाच्या प्रमुखांनी स्वतः पत्रकारांसमोर सांगितलं. मग प्रत्येक शस्त्रक्रियागृहात हेपा फिल्टर बसवले गेले. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, म्हणजे अ‍ॅस्परजिलसचा बीजाणू त्याला सहज सापडतो. पैसा आणि तंत्रज्ञान यांची ददात नसलेल्या रुग्णालयाची ही कथा आहे. आपल्याकडे तर खालच्या मजल्यावर रुग्ण आणि वरच्या मजल्यावर बांधकाम, हे दृश्य रोजचं. भिंत फोडली, जुनं फॉल्स सीलिंग उतरवलं, की त्यामागची वर्षानुवर्षांची धूळ बीजाणूंसकट वॉर्डभर पसरते. मजला वाढवताना मध्ये प्लास्टिकचा पक्का पडदा, कमकुवत रुग्णांचं स्थलांतर आणि धुळीवर पाणी, एवढं केलं तरी मोठा धोका टळतो. त्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही.

आता एका नव्या बुरशीविषयी. कॅन्डिडा ऑरिस. २००९ मध्ये जपानमध्ये एका वृद्ध महिलेच्या कानातून ती पहिल्यांदा वेगळी केली गेली. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. अ‍ॅस्परजिलस आणि म्युकर यांचा ओढा हवेकडे, तर ऑरिसचा वस्तूंकडे. माणसाच्या त्वचेवर ती घर करते आणि तिथून खाटेवर, मॉनिटरच्या बटणावर, सलाईनच्या स्टँडवर उतरते. कोरड्या प्लास्टिकवर दोन आठवडे जिवंत राहिल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. नेहमीच्या फ्लुकोनाझोल या औषधाला भारतातल्या सुमारे ९० टक्के नमुन्यांनी दाद दिलेली नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात एक रुग्ण या संसर्गाने दगावला, तेव्हा खोलीतल्या भिंती, दार, पडदे, फोन, गादी, खाटेचे कठडे, छत, सगळीकडे ती सापडली. खोली स्वच्छ करण्यासाठी छताच्या आणि फरशीच्या काही लाद्या उखडाव्या लागल्या.

ऑक्सफर्डची गोष्ट वेगळं काही शिकवते. तिथल्या मेंदूविकार अतिदक्षता विभागात २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांच्या शरीरावर किंवा शरीरात ऑरिस आढळली. भिंती आणि फरशी तपासली, तिथे ती क्वचितच मिळाली. मिळाली ती काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापकांवर. एका रुग्णाचा ताप मोजून तेच उपकरण पुसून दुसऱ्याला लावलं जात होतं. ती उपकरणं काढून टाकली आणि साथ ओसरली. शोध घेणाऱ्यांनी डोळसपणे शोधलं म्हणून इतकी साधी गोष्ट सापडली.

ही बुरशी परदेशातच राहते असं कुणी समजू नये. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. अनुराधा चौधरी यांनी २०१३ मध्येच दिल्लीतल्या दोन रुग्णालयांमधले १२ रुग्ण नोंदवले. पीजीआयच्या तज्ज्ञांनी देशातल्या २७ अतिदक्षता विभागांतून रक्तात कॅन्डिडाचा संसर्ग झालेल्या १,४०० रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा ७४ जणांमध्ये ऑरिस होती आणि ती १९ विभागांत पसरलेली होती. कोविडच्या पहिल्या लाटेत दिल्लीच्या एका अतिदक्षता विभागात कॅन्डिडाचा रक्तसंसर्ग झालेल्या १५ पैकी १० रुग्णांना ऑरिसनेच गाठलं आणि त्यातले सहा वाचले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. त्यातल्या १९ पैकी चार अतिगंभीर गटात आहेत आणि ऑरिस व अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या दोघी त्या चारांत आहेत.

मग करायचं काय? उत्तराचा मोठा भाग बादलीत आहे. बऱ्याच रुग्णालयांत वापरली जाणारी, छान वास येणारी क्वाटर्नरी अमोनियम जातीची द्रावणं ऑरिसवर पुरेशी चालत नाहीत. क्लोरीनचं द्रावण किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. सोडियम हायपोक्लोराइट रोज ताजं बनवावं लागतं, कारण ठेवून ठेवून त्याची ताकद उतरते. ते पुसल्यावर पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहावा लागतो. लगेच कोरड्या फडक्याने पुसून घेतलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. आधी साबणाने मळ काढायचा, मग जंतुनाशक, हा क्रम चुकला तर मळाखाली बीजाणू सुखरूप राहतात. आणि एकच पोछा, एकच काळं पाणी घेऊन पूर्ण वॉर्ड पुसला, तर पहिल्या खाटेखालची घाण शेवटच्या खाटेपर्यंत नेऊन पोचवली, एवढंच काम होतं.

हे सगळं ज्यांच्या हातून व्हायचं त्यांना महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत ‘मावशी’ आणि ‘मामा’ म्हणतात. हाक प्रेमाची आहे, वागणूक तशी नाही. ही माणसं बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराची असतात. हायपोक्लोराइट किती पाण्यात किती घालायचं, हे त्यांना कुणी धड शिकवलेलं नसतं. हातमोजे मोजून मिळतात. एका मावशीकडे दोन वॉर्ड, वर चहा आणायला, रुग्णाला एक्स-रेला न्यायलाही त्याच. लाखो रुपयांचा व्हेंटिलेटर घेणारं रुग्णालय त्याच्या बाजूचा कठडा पुसणाऱ्या बाईच्या प्रशिक्षणावर किती खर्च करतं, हा प्रश्न ताळेबंदात कुठेच दिसत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरइतकाच रुग्णाचा जीव तिच्याही हातात असतो. संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकीत तिला खुर्ची मिळाली पाहिजे, आणि कुठला कोपरा साफ होत नाही हे तिने सांगितलं तर ते तक्रार म्हणून न घेता माहिती म्हणून लिहून घेतलं पाहिजे.

इंदूरला हे समजावून सांगावं लागू नये. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग अव्वल राहिलेलं हे शहर आहे. घराघरातून ओला-सुका कचरा वेगळा करून घेणाऱ्या गाड्या, रात्री झाडले जाणारे रस्ते, सराफ्यातल्या खाऊगल्लीतही कचरापेटी शोधणारे खवय्ये: हे सगळं लोकांनी सवयीने घडवलं. आणि याच शहरात, होळकर महाराजांचं नाव असलेल्या एमवाय रुग्णालयात ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात उंदरांनी दोन बाळांना चावे घेतले. दोन्ही बाळं गेली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. १९९४ मध्येही हेच रुग्णालय रिकामं करून उंदीर मारण्याची मोठी मोहीम करावी लागली होती. उंदीर दिसतो म्हणून शहर हादरतं, चौकशी बसते, पेस्ट कंट्रोल येतं. ज्या ओलीत, ज्या फटीत, ज्या उष्ट्या-खरकट्यात उंदीर वाढतो तिथेच बुरशीही वाढते, पण ती कॅमेऱ्यात येत नाही. रस्त्यावरची स्वच्छता डोळ्यांनी मोजता येते. वॉर्डातली स्वच्छता मोजायला प्रयोगशाळा लागते, नोंदवही लागते आणि ती नोंदवही लोकांना दाखवण्याची तयारी लागते.

याला दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला खर्चाचा. हेपा फिल्टर आणि दाबनियंत्रित खोल्या महाग आहेत, हे खरं. पण त्या सगळ्या वॉर्डांना लागत नाहीत. अस्थिमज्जा प्रत्यारोपण, रक्ताचा कर्करोग, अशा मोजक्या रुग्णांसाठी लागतात. बाकी बहुतेक उपाय शिस्तीचे आहेत. फाटलेल्या रेक्झिनची गादी बदलणं, गळकं छत पावसाआधी दुरुस्त करणं, एसीच्या जाळ्या ठरलेल्या दिवशी धुणं, रुग्ण गेल्यावर खाट पूर्ण उघडून पुसणं. म्युकरच्या एका रुग्णावर लागणाऱ्या इंजेक्शनांचा हिशेब केला, तर वर्षभराचं हायपोक्लोराइट स्वस्त वाटेल.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा आहे आणि तो समजून घ्यायला हवा. दर आठवड्याला भिंतीभिंतीवर स्वॅब फिरवून काही साधत नाही, उगाच कागद वाढतात, असं ते म्हणतात. बरोबर आहे. चाचणी हवी ती नेमकी: एकाच विभागात बुरशीचे दोन-तीन रुग्ण लागोपाठ आले, बांधकाम सुरू झालं, छत गळलं, तेव्हा. ऑक्सफर्डला तापमापक सापडला तो अशाच नेमक्या शोधातून. त्यासाठी बुरशी अचूक ओळखणारी प्रयोगशाळा जवळ हवी. जुन्या यंत्रांवर ऑरिस दुसऱ्याच नावाने ओळखली जाते आणि रुग्णाला चुकीचं औषध चालू राहतं. इंदूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांतल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये बुरशी अचूक ओळखणारी माल्डी-टॉफसारखी यंत्रं असावीत आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या छोट्या रुग्णालयांना तिथे नमुने पाठवता यावेत, ही मागणी अवाजवी नाही.

नियम नाहीत असंही नाही. सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी केंद्राची ‘कायाकल्प’ योजना २०१५ पासून आहे. संसर्ग रोखण्याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०२० मध्ये, कोविडच्या तोंडावरच निघाली. पण नियम पाळला की नाही, हे तपासणी पथक येईल त्या दिवशीच पाहिलं जातं आणि निकाल फायलीत जातो. रुग्णालयात झालेला बुरशीचा संसर्ग जाहीर करणं बंधनकारक व्हायला हवं, रुग्णाचं नाव गुप्त ठेवून, संख्या उघड करून. सिएटलच्या प्रमुखांनी पत्रकारांसमोर उभं राहून मृत्यूंची संख्या सांगितली, त्यामुळे त्यांचं रुग्णालय बंद पडलं नाही. आपल्याकडे असं सांगणारं रुग्णालय बदनाम होतं, म्हणून कुणी सांगत नाही, आणि शेजारच्या रुग्णालयाला त्यातून शिकताही येत नाही.

मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये स्वच्छतागृहाच्या दाराशी एक कागद लावलेला असतो. सकाळी आठ, दहा, बारा, पुढे सही. कुणीही वाचावा. अतिदक्षता विभागाच्या दाराशी तासन्‌तास बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वाचायला असा एकही कागद नसतो. तिथे तो लागायला हवा: एसीच्या जाळ्या कधी धुतल्या, पडदे कधी बदलले, पाच नंबरची खाट रुग्ण गेल्यावर कुणी आणि कशाने पुसली, चादरी कुठून धुवून आल्या. खाली मावशीची सही आणि तिच्याबरोबर विभागप्रमुखांचीही. सांवेर रोडवरच्या रुग्णालयांपासून सुरुवात केली, तर पुढचा पावसाळा यायच्या आत हा कागद इंदूरच्या प्रत्येक आयसीयूच्या दारावर दिसू शकतो.